टर्न निम्मे केले म्हणून टॉर्क दुप्पट होत नाही: त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या आणि मागवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, सोबत एक व्हिडिओ पण आहे. मजकूर थोडक्यात असा: "कुठल्याही मोटरचा टॉर्क दुप्पट करा, बिल निम्मं करा. कंपन्या हे सांगत नाहीत. वायंडिंग करताना टर्न निम्मे करा आणि तार दुप्पट जाड घाला. मोठा कॅपॅसिटर लावा, अँपिअर लगेच उतरतात. रोटर लेथवर थोडा उतरवून हलका करा. जमलं तर रोटरला निओडिमियम मॅग्नेट चिकटवा. आणि टेस्लाच्या तंत्रानं मोटरला जनरेटर जोडला तर वीजच लागत नाही."

मी मोटर वायंडिंग, म्हणजे मोटरमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल भरण्याच्या, आणि टेस्टिंगच्या कामात आहे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. टॉर्क म्हणजे मोटरचा फिरवायचा जोर, टर्न म्हणजे कॉइलमधले तारेचे वेढे, रोटर म्हणजे आत फिरणारा भाग आणि स्टेटर म्हणजे त्याभोवतीचा कॉइल भरलेला स्थिर भाग. हा फॉरवर्ड दाखवून "असंच करून द्या ओ" म्हणणारे लोक आता दुकानात यायला लागलेत, आणि तसं करून देणारे पण भेटतात. ऐन उन्हाळ्यात उसाला पाणी पाजायच्या दिवसात मोटर जळली की नुसता वायंडिंगचा खर्च नसतो, बोअरमधनं पाइप काढायचे, चेन पुलीवाला शोधायचा, परत सोडायचे, आणि तोपर्यंत पीक वाळतंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन नीट लिहितो.

आधी बिलाचं बघू, कारण तो सगळ्यात लवकर निकालात निघतो. ५ एचपीची म्हणजे ३.७ किलोवॅटची ४ पोल (चार ध्रुवांची, सुमारे १४४० आरपीएमची) मोटर धरा. आयएस १२६१५ या भारतीय मानकात या साइजच्या आयई२ (आयई म्हणजे एफिशियन्सीचा वर्ग) मोटरची एफिशियन्सी ८६.३ टक्के आणि आयई३ ची ८८.४ टक्के दिलीय. म्हणजे आयई२ मोटर लाइनकडून साधारण ४.२९ किलोवॅट घेते आणि ३.७ शाफ्टवर देते, मधले ०.६ किलोवॅट तांबं, लोखंड, बेरिंग आणि पंख्यात जातात. आता समजा कुणी चमत्कार करून सगळे लॉस शून्यावर आणले तरी वाचणार किती, तर शंभरात चौदा. मोटर जुनी असेल, दोनतीनदा वायंडिंग झालेली असेल आणि ८० टक्क्यांवर आली असेल तर वीस. निम्मं बिल कुठनं येणार, तेवढा लॉस मोटरमध्ये होतच नाही तर वाचवणार काय. शिवाय कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे, तिथं शेतकऱ्याचा प्रश्न बिलाचा नाहीच, मोटर चालू होण्याचा आणि न जळण्याचा आहे.

आता टॉर्क. नेमप्लेटवरनं कुणालाही काढता येतो, किलोवॅटला ९५५० नं गुणा आणि आरपीएमनं भागा. ५ एचपी १४४० आरपीएमची मोटर असेल तर २४.५ न्यूटन मीटर, तीच ५ एचपी २८८० ची असेल तर १२.३. हा टॉर्क तयार होतो तीन गोष्टींवर: स्टेटर आणि रोटरमधल्या गॅपमध्ये चुंबकत्व किती, स्लॉटमधल्या (कॉइल बसवायच्या खाचांतल्या) तांब्यातनं एकूण करंट किती, आणि रोटर किती मोठा. चुंबकत्वाला मर्यादा लोखंडाची, करंटला मर्यादा उष्णतेची, आणि रोटरची साइज तर बॉडी ओतली तेव्हाच ठरली. हे तिन्ही लक्षात ठेवून फॉरवर्ड वाचला की बरंच आपोआप कळतं.

टर्नचा मुद्दा मोठा आहे, कारण त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यामुळंच लोक फसतात.

इंडक्शन मोटरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या पंपाच्या मोटरला, लाइनकडून ४१५ व्होल्ट ठरलेले मिळतात. कॉइलला तेवढे व्होल्ट झेलायचे असतात, आणि ते झेलायला लागणारं चुंबकत्व टर्नच्या उलट प्रमाणात बदलतं. टर्न दहा टक्के कमी केले की चुंबकत्व अकरा टक्के वाढतं, टर्न निम्मे केले की चुंबकत्व दुप्पट व्हायला पाहिजे. इथंच अडतं. मोटर बनवणाऱ्यानं स्टेटरच्या दातांमध्ये (दोन स्लॉटमधल्या लोखंडात) आधीच १.६ ते १.८ टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकत्वाचं एकक) चुंबकत्व घेतलेलं असतं, आणि सिलिकॉन स्टील साधारण २ टेस्लाच्या आसपास भरतं. पोतं गच्च भरल्यावर वरनं कितीही ओतलं तरी धान्य सांडतंच, तसं त्यापुढं चुंबकत्व थोडंसं वाढवायला प्रचंड करंट लागतो. दुप्पट म्हणजे ३.२ टेस्ला, ते या लोखंडात होऊच शकत नाही. टर्न निम्मे केलेली मोटर ४१५ वर लावली तर रिकामीच फुल लोडपेक्षा जास्त करंट ओढेल, ओव्हरलोड रिले सेट केलेला असेल तर लगेच ट्रिप होईल आणि रिले बायपास केलेला असेल तर कॉइल जळेल.

मग व्हिडिओवाला म्हणतो ते "पिकअप वाढला" कुठनं आलं? तर टर्न निम्मे नाही, दहा पंधरा टक्के कमी केले तर सुरुवातीचा टॉर्क खरंच वाढतो. कागदावर तो टर्नच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जातो, म्हणजे पंधरा टक्के टर्न कमी केले तर सुमारे ३८ टक्के वाढ. लो व्होल्टेजवर न उचलणारी मोटर उचलायला लागते, मालक खूश होतो. पण चालू करतानाचा करंट पण तेवढाच ३८ टक्के वाढतो, नो लोड करंट (मोटर रिकामी फिरताना ओढते तो) तर त्याहून जास्त वाढतो आणि तो मोटर चालू असेपर्यंत दिवसभर वाहत राहतो.

अशी एक मोटर मी उघडलेली आहे, चिक्कोडीकडची, नदीवरच्या लिफ्टची, ५ एचपीची. आधीच्या ठिकाणी "जोर वाढवून" दिलेली होती. एंड कव्हर काढलं तर तिन्ही फेजची कॉइल सारखीच काळी पडलेली, वार्निशचा कोळसा होऊन नखानं निघत होता. सिंगल फेजिंगनं, म्हणजे चालू असताना एक फेज गेल्यानं, जळलेली मोटर अशी दिसत नाही, स्टार कनेक्शन असेल तर दोन फेज जळतात आणि तिसरा तांबूस तसाच राहतो. इथं सगळीकडं सारखं म्हणजे सगळी मोटरच दिवसरात्र जास्त गरम चाललेली. कॉइल कापून टर्न मोजले तर चाळीसच्या जागी चौतीस. त्याच बॉडीत परत चाळीस टर्न घालून, मूळ गेजची तार घालून फिरवली तर नो लोड करंट ३.१ अँपिअर आला. मालकाकडं जुन्या वायंडरनं लिहून दिलेला कागद होता, त्यावर नो लोड ५.४ लिहिलेलं, म्हणजे करणाऱ्याला दिसत होतं तरी मोटर बाहेर गेली. या मोटरचा फुल लोड करंटच ७.३ च्या आसपास असतो, त्यातले ५.४ नुसतं लोखंड चुंबकायला. इन्सुलेशनचा साधा हिशेब सगळ्या वायंडरना माहीत आहे, तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं.

आणि पंपावर त्या वाढलेल्या जोराचा उपयोग काय झाला? काहीच नाही. चालू झाल्यावर मोटर किती टॉर्क देणार हे मोटर ठरवत नाही, इंपेलर ठरवतो. पंपाला २० न्यूटन मीटर लागत असतील तर २५ वाली मोटर पण २० च देते आणि ४० वाली पण २० च देते, आरपीएममध्ये थोडाफार फरक, पाणी तेवढंच. पंपाला तर सुरुवातीला टॉर्क कमीच लागतो, तो स्पीडच्या वर्गानं वाढत जातो. गुऱ्हाळावरचा घाणा, दाणे भरून अडकलेली पिठाची गिरणी, यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना पहिल्या फेरीलाच जोर लागतो.

जाड तारेचं पण सांगतो, कारण ई-स्कूटर दुरुस्त करणाऱ्या पोरांच्यात हे जास्त चालतं. तिथं मॅग्नेटची मोटर असते, चुंबकत्व मॅग्नेटचं, व्होल्टेज कंट्रोलर बदलतो, त्यामुळं वरचा हिशेब तसाच लागू होत नाही. टर्न निम्मे आणि तारेचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की रेझिस्टन्स चौथाई होतो, हे बरोबर. पण प्रत्येक अँपिअरमागं मिळणारा टॉर्क निम्मा होतो, मग तोच टॉर्क मिळवायला करंट दुप्पट लागतो, दुप्पट करंटचा वर्ग चौपट, गुणिले चौथाई रेझिस्टन्स, म्हणजे उष्णता जशीच्या तशी. स्लॉटमध्ये तांबं तेवढंच असेल तर ते बारीक तारेत वाटा की जाड तारेत, तेवढ्याच उष्णतेत टॉर्क तेवढाच. बदलतं काय तर टॉप स्पीड वाढतो आणि कंट्रोलरच्या मॉसफेटवर (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) दुप्पट करंटचा भार येतो. ज्याला खरंच टॉर्क वाढवायचा आहे त्यानं त्याच स्लॉटमध्ये जास्त तांबं कसं बसेल ते बघायला पाहिजे. गोल तारेनं स्लॉटच्या जागेतला साधारण ४० ते ४५ टक्के भाग तांब्यानं भरतो, आता गाड्यांच्या मोटरीत चौकोनी पट्टीचं हेअरपिन वायंडिंग घालतात तिथं ६० ते ७० पर्यंत जातो. हा खरा फायदा, पण तो हातानं करायच्या वायंडिंगमध्ये मिळत नाही.

कॅपॅसिटरकडं येऊ. व्हिडिओत टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावून दाखवलंय, कॅपॅसिटर जोडला की आकडा धाडकन उतरतो, आणि हे खोटं नाही, आकडा उतरतोच. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) कॅपॅसिटर लावला तर फुल लोडवर लाइनचा करंट ७.३ वरनं ६.१ पर्यंत येतो, आणि मोटर रिकामी फिरत असेल तर ३.१ वरनं एक अँपिअरच्याही खाली. व्हिडिओतली मोटर रिकामीच फिरतेय, म्हणून तो आकडा एवढा नाट्यमय दिसतो. पण कमी झालेला करंट हा मोटर आणि लाइनमध्ये नुसता ये-जा करणारा चुंबकत्वाचा करंट आहे, तो आता कॅपॅसिटरमधनं येतो एवढंच. मोटरच्या आत काही बदललेलं नाही, टॉर्क तोच, आणि घरचा मीटर युनिट मोजतो, अँपिअर नाही. कारखान्याला पॉवर फॅक्टरचा दंड पडतो तिथं कॅपॅसिटर लावायलाच पाहिजे, वायरमधला लॉस पण थोडा कमी होतो. घरच्या किंवा शेतातल्या युनिटमध्ये फरक दिसत नाही. खात्री करायची असेल तर टाँग टेस्टर बाजूला ठेवा आणि एक तास मीटर बघा, कॅपॅसिटर लावून आणि काढून.

सिंगल फेज मोटरचा स्टार्ट कॅपॅसिटर वेगळा. तो सुरुवातीचा टॉर्क खरंच वाढवतो, कारण त्याच्याशिवाय कॅपॅसिटर स्टार्ट मोटर जागची हलतच नाही. पण रन कॅपॅसिटर मूळ मापापेक्षा मोठा घातला तर ऑक्झिलरी (मदतीच्या दुसऱ्या) वायंडिंगमधनं जास्त करंट जातो आणि आधी तेच जळतं. आणि तिसरा प्रकार आमच्या सगळ्या गावांत आहे, थ्री फेज नसताना दोन फेजवर कॅपॅसिटर लावून थ्री फेज मोटर चालवणं. पाण्याची वेळ गाठायला लोक करतात, मला त्यांची अडचण कळते. पण त्यात टॉर्क वाढत नाही, घटतो. तिन्ही व्होल्टेजमध्ये पाच टक्के जरी फरक पडला तरी मोटर सुमारे पाऊण लोडवरच चालवायला पाहिजे असं धरतात, आणि या जुगाडात फरक पाच टक्क्यांवर थांबत नाही.

इथं मला एक विषय काढायलाच पाहिजे जो फॉरवर्डमध्ये कुठंच नाही, आणि आपल्याकडं टॉर्क जातो तो मुख्यतः इथं. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं बदलतो. ट्रान्सफॉर्मरजवळ ४१५ व्होल्ट आहेत. लाइनच्या शेवटच्या खांबावर, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्यावर, ३८० मिळतात असं धरा. तिथनं विहिरीपर्यंत ३०० मीटर केबल, २.५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची, तिच्यात साडेसात अँपिअरला आणखी सुमारे ४० व्होल्ट जातात. मोटरच्या टर्मिनलवर राहिले ३४०. ३४० भागिले ४१५, त्याचा वर्ग, ०.६७. म्हणजे कंपनीनं दिलेल्या टॉर्कमधला एक तृतीयांश मोटरपर्यंत पोचायच्या आधीच गेला, आणि आपण मोटर उघडून टर्न कमी करतोय. हा हिशेब चालू मोटरचा झाला, स्टार्ट करताना करंट पाचसहा पट असतो तेव्हा केबलमधली घट आणखी मोठी. आता टर्न कमी केलेली मोटर सुरुवातीला ३८ टक्के जास्त करंट ओढते, तो याच केबलमधनं, म्हणजे मिळालेल्या जोरातला बराचसा केबलच परत घेते.

तीच केबल ६ चौरस मिलिमीटर तांब्याची घातली तर घट १० व्होल्टवर येते, टर्मिनलवर ३७०, टॉर्क ०.६७ वरनं ०.७९ वर, म्हणजे मोटरला हात न लावता अठरा टक्के वाढ. महाग आहे, हो. पण एकदाच घालायची, आणि ती जळत नाही. स्टार डेल्टा स्टार्टर असेल तर ते पण लक्षात ठेवा, स्टारमध्ये सुरुवातीचा टॉर्क मुळातच एक तृतीयांश असतो. लो व्होल्टेज अधिक स्टार म्हणजे ०.६७ चा तिसरा हिस्सा, पंप उचलला तर उचलला.

लेथवर रोटर उतरवायच्या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण बेळगावात लेथ गल्लोगल्ली आहेत आणि हे करणं फार सोपं आहे. ५ एचपीच्या मोटरमध्ये स्टेटर आणि रोटरमधला गॅप साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतो. मॅग्नेटायझिंग करंटचा मोठा भाग एवढीशी हवा ओलांडायलाच खर्च होतो. रोटरवरनं पाव मिलिमीटर काढला की गॅप दीडपट ते जवळजवळ दुप्पट होतो, नो लोड करंट चढतो, पॉवर फॅक्टर पडतो. वर लेथच्या टूलनं रोटरच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींवर पुसल्या जातात, पृष्ठभागावर एडी करंट (लोखंडातच गोल फिरणारा वाया जाणारा करंट) फिरायला रस्ता मिळतो, आणि रोटर गरम होतो. हलका रोटर लवकर स्पीड पकडतो हे खरं, पण ते त्याच टॉर्कमध्ये. रोटर घासतोय म्हणून उतरवायला आणला असेल तर बेरिंग बघा, बेरिंगची बैठक बघा, शाफ्ट वाकलाय का बघा, नव्वद टक्के वेळा दुखणं तिथं असतं.

मॅग्नेटचं थोडक्यात. स्क्विरल केज रोटरवर (पिंजऱ्यासारखे बार असलेल्या साध्या रोटरवर) वरनं मॅग्नेट चिकटवायला जागाच नसते, जागा करायची तर रोटर उतरवायला लागतो, म्हणजे वरचंच नुकसान. लाइनवर थेट चालू होणाऱ्या मॅग्नेटच्या मोटरी असतात, पण त्यात मॅग्नेट केजच्या आत पुरलेले असतात आणि सगळा रोटर त्या हिशेबानं डिझाइन केलेला असतो. स्कूटरच्या मोटरमध्ये फेराइट काढून निओडिमियम घातले तर टॉर्क वाढतो, फेराइटचं चुंबकत्व ०.४ टेस्लाच्या आसपास आणि निओडिमियमचं १ ते १.४. पण तिप्पट मिळत नाही कारण मागचं लोखंड भरतं, आणि अँपिअरमागं टॉर्क जेवढा वाढतो तेवढाच त्या बॅटरीवरचा टॉप स्पीड घटतो, ते दोन्ही एकाच आकड्याचे दोन चेहरे आहेत. बाजारात सुटे मिळणारे साधे निओडिमियम ८० अंशांपर्यंतचेच असतात, मोटरच्या आत त्यावर तापमान गेलं की कायमचे कमजोर होतात. गरम जागी टिकायला त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम लागतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीननं नेमक्या याच दोन धातूंसकट सात रेअर अर्थवर निर्यातीचं नियंत्रण आणलं तेव्हा आपल्या दुचाकी कंपन्यांची धावपळ झाली.

मोटरला जनरेटर जोडून वीज: ८८ टक्क्यांची मोटर आणि ८५ टक्क्यांचा अल्टरनेटर, गुणाकार ७५. शंभर घातले, पंचाहत्तर आले. फ्लायव्हील लावला तर तो साठवलेलं परत देतो, नवीन काही तयार करत नाही. टेस्लाच्या इंडक्शन मोटरची पेटंट १८८८ ची आहेत, कुणीही उघडून वाचू शकतो, त्यात फुकट वीज कुठंच नाही.

राहिलं "कंपन्या सांगत नाहीत". ज्या वर्षी ती पेटंट मिळाली त्याच वर्षी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच बेळगावात सायकलचं दुकान सुरू केलं आणि पुढं इथंच लोखंडी नांगर केले. तिथनं आजच्या उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्र्यांपर्यंत मोटर आणि पंपाची बॉडी ओतणारे, मशिनिंग करणारे लोक या शहरात पिढ्यानपिढ्या आहेत. टॉर्क कसा वाढतो हे इथं लपून राहणारी गोष्टच नाही, ते फ्रेमच्या आकड्यात लिहिलेलं असतं. ५ एचपी ४ पोल मोटर ११२ च्या फ्रेममध्ये येते, ६ पोल १३२ मध्ये, ८ पोल १६० मध्ये. हा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये. ८ पोलची मोटर ७२० आरपीएमला ४९ न्यूटन मीटर देते, म्हणजे बरोबर दुप्पट टॉर्क, आणि त्यासाठी कंपनीला ११२ वरनं १६० वर जायला लागतं, तेवढं जास्त लोखंड, जास्त तांबं. फुकटात दुप्पट टॉर्क जमत असता तर एवढं कास्टिंग कुणी विकत घेतलं असतं.

डिझाइन करताना मात्र टॉर्कसाठी खरंच खूप काही करता येतं, आणि ते मला समजावून सांगायला आवडतं. टॉर्क रोटरच्या व्यासाच्या वर्गानं आणि लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो, व्यास दहा टक्के वाढवला की एकवीस टक्के टॉर्क. म्हणून स्कूटरच्या हब मोटर चपट्या आणि रुंद असतात. मग स्टेटरचा दात आणि स्लॉट. दात रुंद केला तर चुंबकत्व जास्त जातं पण तांब्याला जागा कमी, स्लॉट रुंद केला तर उलट. अर्धा दात अर्धा स्लॉट असेल तर ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, सत्तर तीस केलं तर ०.२१. अर्थात प्रत्यक्षात एवढं सरळ नसतं, लोखंड कुठं आधी भरतं, उष्णता बाहेर कशी जाते, त्याप्रमाणं तो बिंदू सरकतो, आणि कॉम्प्युटरवर दाताच्या आकाराचे शेकडो पर्याय चालवून जो चांगला निघतो तो घेतात. हे करायला फेम (FEMM) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, इथल्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) पोरांनी प्रोजेक्टला मोटर घेतली तर त्यात गॅपमधलं चुंबकत्व प्रत्यक्ष बघता येतं, आणि टर्न निम्मे करून व्होल्टेज तेच ठेवलं तर दात कसे भरतात ते पण स्वतः बघता येतं.

रोटरच्या बारचं पण तसंच. बारचा रेझिस्टन्स वाढवला की सुरुवातीचा टॉर्क वाढतो, मोटरचा कमाल टॉर्क तेवढाच राहतो, तो फक्त कमी स्पीडकडं सरकतो, आणि चालताना स्लिप (रोटरचं स्पीडमध्ये मागं पडणं) आणि लॉस वाढतात. वडगाव, खासबागेतल्या यंत्रमागाची मोटर मुद्दाम अशी बनवतात, कारण मागाला पहिल्याच फटक्याला पूर्ण जोर लागतो आणि दिवसात कितीतरी वेळा बंद चालू होतो. तीच मोटर पंपाला लावली तर नुसती वीज खाईल. म्हणून मागवाल्यांना सांगतो, जळलेल्या मागाच्या मोटरच्या जागी साधी पंपाची मोटर घेऊन मग तिचा जोर वाढवायला वायंडरकडं जाऊ नका, मागाचीच मोटर मागा.

आणि ज्याला गिरणीला किंवा घाण्याला खरंच दुप्पट टॉर्क पाहिजे आणि अर्धा स्पीड चालतो, त्यानं पुली बदलावी. मोटरवर लहान, मशीनवर दुप्पट व्यासाची, टॉर्क दुप्पट, वायंडिंगला हात नाही.

मोटर जळलीच तर वायंडिंग करून घेण्यात काही वाईट नाही, नीट केलं तर एफिशियन्सी टिकते, २००३ साली अमेरिकेच्या ईएएसए आणि ब्रिटनच्या एईएमटी या वायंडरांच्याच संघटनांनी मोटरी टेस्ट करून हे दाखवलंय. जुनं वायंडिंग उघड्यावर जाळ लावून काढलं तर मात्र पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि लोखंडाचा लॉस कायमचा वाढतो, भट्टीत साधारण ३७० अंशांच्या आत काढायला पाहिजे. द्यायच्या आधी वायंडरला सांगा की जुने टर्न आणि गेज मोजून कागदावर लिहून द्या आणि तेवढेच घाला. घेऊन जाताना तिन्ही फेजचा नो लोड करंट तुमच्यासमोर टाँग टेस्टरवर दाखवायला सांगा, तो तिन्हीकडं जवळजवळ सारखा पाहिजे, आणि ४ पोलच्या या साइजला फुल लोडच्या निम्म्याच्या वर बराच जात असेल तर पैसे द्यायच्या आधी टर्न किती घातले ते विचारा.